तक्त्याची शेवटची ओळ

आमच्या दादाला अख्खा बाजार चष्मेवाला म्हणून ओळखतो. शाळेत मात्र सगळे त्याला ढ म्हणायचे. फळ्यावरचं भलतंच उतरवायचा आणि मार खायचा. पंधराव्या वर्षी चष्मा लागला, पण तोवर शाळा सुटली होती आणि तो ढ डोक्यात कायमचा घर करून बसला होता.

त्याची लेक ठकी तिसरीत आहे. तिचंही तेच सुरू झालं. डोळे तर दादा दर सहा महिन्यांनी तपासायचा, आणि पोरगी त्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्याची शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा धडाधड वाचायची. तेव्हा दादाने हाय खाल्ली. डोळे चांगले आहेत म्हणजे डोकंच कमी, आणि ते आपल्याच रक्तातून आलंय, हे त्याने पक्कं करून टाकलं. शाळेने ठकीला मागे पडलेल्यांच्या वेगळ्या वर्गात घालायचं ठरवून बापाची सही मागितली. त्या वर्गातून परत वर आलेलं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

मला घरात बसवेना. सही करू नकोस म्हणून दिवसातून दोनदा दुकानात जाऊन दादाचं डोकं खायचे, तर हा आपला एकच काच पुसत बसायचा. त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त माझा. अभ्यास घेताना मीच तिला दगड म्हटलं होतं, एकदा नाही, चारदा.

कागद द्यायच्या दिवशी गेले, तर दादा जुना पिवळा पडलेला तक्ता काढून नवा लावत होता. मी परत सुरू झाले. वैतागून त्याने ठकीला खुर्चीत बसवलं, म्हणाला, डोळ्यांत काही नाही, तूच बघ. ती वाचायला लागली. वरची मोठी अक्षरं बरोबर आली. तिसऱ्या ओळीपासून मी चपापले. ती म्हणत होती त्यातलं एकही अक्षर समोर नव्हतं. पोरगी जुना तक्ता म्हणत होती, न अडखळता, शेवटपर्यंत.

"ठके, हे कुठून म्हणतेस?" दादाने हळूच विचारलं.

"पाठ आहे मला. तुम्ही रोज सगळ्यांकडून म्हणून घेता ना? चुकलं की चष्मा लावता."

दादा स्टुलावर बसला. "माझे डोळे घेतलेत गं हिने," मला म्हणाला, "आणि मी डोक्याचं रडत बसलो."

मग त्याने तपासणीची फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक काच घालत गेला. तिसऱ्या काचेला ठकीने मान वळवली. तक्त्याकडे नाही, ती पलीकडे काउंटरवर बघत होती. तिथे शाळेचा कागद आरशाला टेकवून ठेवला होता. सही त्याने सकाळीच करून टाकली होती, मला न सांगता.

"मंदगती विद्यार्थ्यांचा वर्ग," ठकीने सावकाश वाचलं. "बाबा, खाली तुमची सही आहे."

दादा कागदापर्यंत पोचला तेव्हा तिचं वाचून झालं होतं.