पितळी नळकांड्याचं पार्सल

वडील तोफखान्यात होते. निवृत्त होऊन पाटणला येताना त्यांनी तोफेच्या गोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं आणलं होतं. वडील गेल्यावर नागपूरच्या थोरल्या भावाला ते शोकेसमध्ये ठेवायला हवं झालं. आईनं ते चिंचेनं घासलं, तोंडाला फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिलं. जड लागलं, पण पितळ जडच असतं.

पोस्टात काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "दारूगोळा पार्सलनं जात नाही."

"रिकामं आहे."

"रिकामंही जात नाही. मशीनमध्ये ते बॉम्बसारखंच दिसतं."

माझं डोकं फिरलं. "आवं बाई, आत काय बी न्हाई!" म्हणत मी फडकं सोडलं आणि नळकांडं त्यांच्यासमोरच्या रद्दी पेपरवर उपडं केलं.

लालभडक ढीग पडला. मागची रांग दाराबाहेर गेली. मग बाई शिंकल्या, मी शिंकलो, आणि ती आमच्या घरची कांदा-लसूण चटणी असल्याचं सगळ्यांना कळलं. आमच्याकडे कुणाच्या घरी रिकामं भांडं पाठवत नाहीत. आईच्या लेखी तेही भांडंच.

बाईंनी डोळे पुसत सांगितलं, "चटणी जाते." मग मी ती पिशवीत भरून नागपूरला पाठवली आणि नळकांडं घेऊन घरी आलो.

आईनं आत डोकावून पाहिलं.

"रिकामंच परत दिलं व्हय त्यांनी?" ती म्हणाली. "काय माणसं हायेत!"