सुपारीच्या वेळची चुकचुक

आटगावच्या मैनाबाईच्या घरातून एखादी वस्तू उकिरड्यावर गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. फुटक्या बादलीत तिनं पुदिना लावलाय, आणि नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्या सायकलचं हँडल अजून गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून आहे. जपायची वस्तू असली की ती जाते कणगीत. कणगी म्हणजे भात साठवायची, शेणानं सारवलेली बांबूची मोठी टोपली. ती ओटीवर भिंतीला लागून उभी. कोपरापर्यंत हात भातात घालायचा, वस्तू ठेवायची आणि वरून भात सारखं करायचं. चोराला ती सापडत नाही हे खरं, पण बऱ्याचदा मैनाबाईलाही सापडत नाही.

अशा बाईनं दुसऱ्यांच्या शेतात लावणी करून, स्टेशनबाहेर भाजीच्या जुड्या विकून एकटीनं लेक वाढवली. लेक मनस्वी जवळच्याच एका गोदामात कामाला लागली आणि तिथं आग लागली तर काय करायचं ते शिकून आली. एका दुपारी मैनाबाई चुलीत लाकूड ठेवून ओटीवर लवंडली, डोळा लागला, आणि चुलीशेजारची पेंढी धुमसायला लागली. मनस्वी वेळेवर घरी आली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून धुराचा अलार्म घेऊन आली.

तो टांगला थेट चुलीच्या वर. आता चुलीला धूर नाही येणार तर काय अत्तर येणार? भाकरी टाकली की बोंब, सुकट भाजलं की बोंब. मैनाबाईनं चार दिवस सोसलं आणि पाचव्या दिवशी मुसळाचा एक ठोसा दिला. अलार्म खाली पडला, त्याची अडकवायची कडी मोडली. मनस्वी रागावली, पण चूक आपली हेही तिला कळलं. तिनं नवा आणला, चुलीपासून लांब माजघरात बसवला, आणि म्हणाली, "जुना टाकून दे, आई."

"टाकते," मैनाबाई म्हणाली. पुढं सगळं सुरळीत झालं.

मनस्वीच्या गोदामात माळशेजकडच्या वैशाखरे गावचा संदेश होता, माल उचलायची गाडी चालवायचा. दोघांचं जमलं. मुलगा निर्व्यसनी, हसरा. मैनाबाईला तो बघताक्षणी आवडला. पण संदेशच्या घरात शब्द चालतो थोरल्या काकांचा, कोंडूबाबांचा. बाप नसलेल्या पुतण्याला त्यांनीच वाढवलेलं, तेव्हा त्यांच्या मर्जीबाहेर तो जाणार नव्हता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोंडूबाबा चार माणसं घेऊन सुपारी फोडायला आटगावला आले. आमच्याकडं सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं.

जेवणं झाली. ओटीवर घोंगडी अंथरलेली, मधे ताटात सुपारी. कोंडूबाबांनी घसा साफ केला.

"मंग, मैनाबायची मनस्वी आमच्या संदेशला..."

चुक्!

कोंडूबाबा थांबले. बोटानं जमिनीवर टकटक करून म्हणाले, "कृष्ण कृष्ण." पाल चुकचुकली की सगळेच असं करतात. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि नेमकं 'संदेशला' म्हणताना पुन्हा चुक्! काही लोक म्हणतात, पाल बोलली म्हणजे बोललेलं खरं होतं. कोंडूबाबांच्या घराण्यात मात्र पालीचा शब्द म्हणजे नकार. तिसऱ्यांदा झालं तसे ते उठले आणि पायात वहाणा घातल्या.

"पुन्यांदा बगू, मैनाबाय. घाय नाय." सुपारी ताटात तशीच राहिली. आठवड्यानं संदेशचा फोन आला की काका दुसरीकडं मुली बघायला निघालेत.

मनस्वी शहाणी पोरगी. तिला लगेच आठवलं, बॅटरी संपत आली की अलार्म असाच मधूनमधून चुकचुकतो. आनंदानं तिनं माजघरातल्या अलार्मची बॅटरी बदलली. घरात पुन्हा चुक्! बॅटरीचं झाकण नीट लागलं नसेल म्हणून ते दाबून बसवलं, जाळीतली धूळ फुंकली, तपासायचं बटण दाबलं. तो ठणठणीत किंचाळला. तरी चुकचुक चालूच. शेवटी तिनं अलार्म काढला आणि अंगणातल्या शेवग्याला नेऊन टांगला. शेवगा गप्प, आणि घर मात्र चुक्!

"मंजे खरीच पाल हाय, आई," ती म्हणाली. असल्या गोष्टींना आयुष्यभर हसणारी ती मुलगी पायरीवर बसून हमसून रडली.

मैनाबाईनं खराटा घेतला. दोन पाली हाकलल्या, तिसरी तिच्या अंगावरून पळाली. चुकचुक तिथंच. तिचाही पालीवर विश्वास होताच. कोंडूबाबांना नावं ठेवायला तिची जीभ वळेना. देवच नको म्हणतोय की काय, या धास्तीनं तिला अन्न गोड लागेना. पोरीनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं ते हे, आणि तेच आपल्या घराच्या भिंतीनं नाकारलं, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

घरातले तांदूळ संपले, तेव्हा भात गिरणीवर न्यायला मैनाबाई कणगी उपसायला बसली. एक सूप काढलं. चुक्. चार सुपं काढली. चुक्, जरा मोठ्यानं. भात जसं खाली जाऊ लागलं, तशी पाल मोठ्यानं बोलू लागली. मैनाबाईनं कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर आली ती मोडक्या कडीची पांढरी डबी. चांगलं प्लास्टिक आहे म्हणून तिनं स्वतःच ठेवलेली! भाताच्या ढिगाखाली तिचा आवाज दबून अगदी पालीसारखा होत होता.

मैनाबाई आधी हसली, मग स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, मग मनस्वीला हाक मारली. मनस्वी धावत आली आणि बॅटरी काढायला लागली.

"हात लावू नको गो! साक्षीदार हाय ता."

दुसऱ्या दिवशी ती डबी कापडी पिशवीत घालून मैनाबाई एकटीच वैशाखऱ्याला निघाली. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून माळशेजकडची एसटी. पिशवी आपली मधूनमधून चुक्! पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं दांडीवर बोट आपटून कृष्ण कृष्ण म्हटलं, कंडक्टरनं तिकिटाच्या मशीनवर. मैनाबाई खिडकीबाहेर बघत बसली. सरळगाव सोडताना डबी शेवटची बोलली, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

कोंडूबाबा ओटीवरच होते. मैनाबाईनं सगळं सांगितलं, अगदी मुसळापासून, आणि डबी त्यांच्यासमोर ठेवली. घरातली माणसं जमली. सगळे डबीकडं बघत बसले. चहा आला, चहा निवला. डबी काही बोलेना. बॅटरीचा उरलासुरला जीव वाटेतच गेला होता.

कुणीतरी मागं खुसखुसलं.

"बाबा, खोटा बोलायचा असता तर त्यासाठी दोन गाड्या बदलून आली नसते मी," मैनाबाई म्हणाली. "माझी चूक हाय, पोरीची नाय. तिला नको शिक्षा."

कोंडूबाबांनी डबी उचलली, उलटसुलट करून पाहिली, कानाला लावली. मग ती खाली ठेवली, मांडी नीट घातली आणि घसा साफ केला.

"मैनाबायची मनस्वी आमच्या संदेशला दिली."

ओटी गप्प.

त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, डबीकडं वाकून. ओटी गप्पच.

"आज काय नाय बोलत," कोंडूबाबा म्हणाले. "मंजे हरकत नाय. अडकित्ता आना रे कोनी!"

मैनाबाईचे डोळे भरून आले. अडकित्ता आला, सुपारी आली. कोंडूबाबांनी ती पात्यात धरली आणि कट्कन फोडली. आणि त्याच क्षणी वर, आढ्याजवळ कुठंतरी...

चुक् चुक् चुक्.

कोंडूबाबांनी वर पाहिलं. मैनाबाईनंही पाहिलं. वाशाच्या कडेला चांगली बोटभर शेपटी दिसत होती. दोघांची नजर खाली आली ती एकमेकांवरच.

कोंडूबाबांनी फुटलेल्या सुपारीचं एक खांड उचललं, मैनाबाईच्या हातावर ठेवलं आणि समोरच्या मेलेल्या डबीकडं हनुवटीनं दाखवलं.

"मैनाबाय, बॅटरी बदला बगू तिची. उगाच वरडते."

"बदलते, बाबा," मैनाबाई म्हणाली, आणि पदराआड, कुणाला दिसणार नाही असं, बोटानं जमिनीवर हळूच टकटक केलं.