रुद्रप्पांकडच्या सदतीस चाव्या

शिरूर कासारकडून आष्टीकडे जाताना आमचं गाव लागतं. आठवडी बाजार, एक बँक, तीन हॉटेलं आणि न आटणारा संशय, एवढं गावाचं वैभव. निजामाच्या काळात इथं पोलीसचौकी होती. ती गावाच्या रक्षणासाठी होती की गावापासून इतरांच्या, यावर अजून एकमत नाही.

अशा गावातही संशयात पहिला नंबर रुद्रप्पा किराणावाल्यांचा. महादेवाच्या देवळात जाताना ते एक चप्पल पुढच्या दाराशी काढतात, दुसरी मागच्या. स्वतःच्या दुकानातलं मीठ चाखून बघितल्याशिवाय घरी नेत नाहीत. आणि नेमक्या याच माणसाकडे गावानं आपली घरं सोपवली आहेत.

दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. ट्रॅक्टरवर चढण्याआधी जो तो दुकानात येऊन घराची चावी देतो. चिंध्या बांधलेल्या सदतीस चाव्या गुढीपाडव्यापर्यंत रुद्रप्पांच्या पाठीमागे खिळ्यांना टांगलेल्या असतात. बत्तीस वर्षांत कुणाच्या घरातली वाटीसुद्धा हललेली नाही. जो माणूस सख्ख्या मेव्हण्यापुढे बिस्किटं मोजून ठेवतो, तो आपल्या घरात दुसऱ्याला काय शिरू देणार, असं गावाचं म्हणणं.

दर सोमवारी पूजा आटोपली, कपाळावर भस्माचे पट्टे ओढले, की उरलेलं भस्म घेऊन रुद्रप्पा फेरीला निघतात आणि प्रत्येक कुलपावर बोट फिरवतात. कुणी कुलूप हाताळलं तर भस्म पुसलं जाणार आणि यांना कळणार. ही युक्ती त्यांनी बायकोलाही सांगितलेली नाही.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी आश्रुबाच्या दाराचं कुलूप लख्ख पुसलेलं निघालं. रुद्रप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. आत काही कमी निघालं, तर पुढच्या दसऱ्याला दुकानात एकही चावी यायची नाही. शेजारच्या ओट्यावर आश्रुबाची थोरली भावजय सत्यभामाबाई तुरी पाखडत होत्या.

“आक्का, या कुलपाला कोणी हात लावला?”

“मी. कावून?”

इतक्या सरळ उत्तरानं रुद्रप्पांचा संशय दुप्पट झाला.

“कशापायी?”

“कोणीतरी राख फासून करणी करायलंय, आप्पा. तीन सोमवार बघितलं, काल गोमूत्रानं धुवून काढलं. धाकल्या दिराचं घर हाय, बघत बसू का?”

“राख न्हाई ती, भस्म हाय. मी लावतो.”

सूप थांबलं. “मंग करणी तुमची हाय म्हणा की.”

रुद्रप्पांची युक्ती बाईंना पटली नाही आणि बाईंचं गोमूत्र रुद्रप्पांना पटलं नाही. त्यांनी कुलपाचा वास घेऊन बघितला, तरी नाही. शेवटी दोघांनी मिळून घर उघडून बघायचं ठरलं.

आत सगळं जागच्या जागी होतं. रुद्रप्पांचा जीव भांड्यात पडतो तोच सत्यभामाबाईंनी फळीवरची पितळी परात ओढली.

“ही माझी. दोन वर्सं झाली हुडकतेय. बघा, नाव हाय.”

रुद्रप्पांनी काठावर कोरलेलं नाव आधी चष्मा लावून वाचलं, मग काढून.

“नाव कोणीबी कोरतं, आक्का.”

सांगलीकडे उसाच्या फडात असलेल्या आश्रुबाला फोन लागला. “वहिनीचीच हाय, आप्पा. लेकीच्या लग्नात आणलती, ऱ्हायली. देऊन टाका.”

“फोनवर कोणीबी आश्रुबा होतंय. तू आल्यावर तुझ्या हातानं दे,” म्हणत रुद्रप्पांनी फोन ठेवला.

सत्यभामाबाई उंबऱ्यावरच बसल्या. “परातीचं जाऊ द्या. भिंतीला भिंत लागून सख्खी भावजय ऱ्हाती, आन चावी दुकानात. बारा वर्सं झाली. मी काय घर खाल्लं असतं?”

रुद्रप्पांच्या मनात शंका आली, पण ती त्यांनी गिळली. “असं करा, तुमचंबी एक कुलूप लावा. दोन कुलपं कवाबी बरी.”

बाईंनी घरातून नवं कोरं कुलूप आणलं, लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि चावी पदराला बांधली. आता पाडव्याला आश्रुबाला स्वतःच्याच घरात शिरायला दोघांची मनधरणी करावी लागेल. बाई मात्र एकदम घरच्या कारभारीण दिसायला लागल्या.

रुद्रप्पा चार पावलं गेले आणि माघारी वळले.

“आक्का, नव्या कुलपाला चाव्या दोन असतात. दुसरी कुठंय?”

“ते तुमाला कशाला सांगू?” असं म्हणून बाईंनी आपल्या घरात शिरून आतून कडी लावली.

रुद्रप्पा खूश झाले. या बाईवर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं.