घाण खाणारी देवी

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५. रास तनुरा, सौदी अरेबिया. वारा, धूळ. जयदीपला सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी. दुपारी घरी हळदीकुंकू. किळस आली.

शेवटचे दोन शब्द प्रमोदिनीबाईंनी खोडले नाहीत. नन्सच्या शाळेत लागलेली डायरीची सवय अजून सुटली नव्हती, आणि खरं ते लिहायचं ही शिस्तही.

किळसेची सुरुवात मूर्तीपासूनच झाली होती. मुलाला, जयदीपला, मेक्सिकन सहकाऱ्याने दिलेली वीतभर मूर्ती : उकिडवी बसलेली, दात विचकलेली, मांड्यांमधून बाळाचं डोकं बाहेर आलेलं. "शी! झाकून ठेव गं ते," त्या सुनेला म्हणाल्या होत्या. पण दोनदा गर्भपात झालेल्या नूपुरने ती हौसेने दिवाणखान्यात मांडली.

शेजारच्या स्वप्नाने आल्या आल्या हात जोडले. "अगंबाई, लज्जागौरी! थांब, आधी हिची ओटी भरते." तिने मूर्तीला हळदकुंकू माखलं, पुढ्यात तांदूळ, खण, नारळ ठेवला.

"स्वप्नाताई, ही लज्जागौरी नाही," नूपुर हसली. "अ‍ॅझटेक लोकांची त्लाझोल्तेओत्ल. बाळंतपणाची देवी. माणसांची घाण, त्यांची पापं खाऊन टाकते."

"घाण खाते?" स्वप्नाने बोटं पदराला खसाखसा पुसली आणि आपल्या गरोदर जावेला नूपुरच्या शेजारून उठवलं. "तू इकडे ये गं. असलं घरात पुजल्यावर कूस उजवेल कशी? हिची सावलीसुद्धा नको तुझ्यावर."

नूपुरने हातातलं तबक खाली ठेवलं.

विधवा म्हणून प्रमोदिनीबाई आतच बसल्या होत्या. दारातून त्यांना ती पुसलेली बोटं दिसली आणि किळस आली. मूर्ती पाहूनही इतकी आली नव्हती. त्या उठून बाहेर आल्या.

"स्वप्ना, आत्ता तोंडातून सांडलंस ना, ते त्या देवीपुढे पुन्हा बोल. तिचं पोट तरी भरेल."

"काकू, तुम्ही सवाष्णींच्यात..."

"सवाष्णींचं बघितलं मी." त्यांनी मूर्तीपुढचा नारळ उचलला. "नूपुर, पदर पुढे कर."

नूपुर क्षणभर घुटमळली. मग तिने पदर पसरला.

"मूल होवो न होवो, ही माझी सून. हिच्या शेजारी जिला बसवत नाही, तिने चपला घालाव्यात."

स्वप्ना जावेला ओढत निघून गेली. बाकीच्या बसून राहिल्या.

संध्याकाळी त्याच पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं : ओटीचा नारळ फोडला. गोड निघाला. निम्मा खवून फ्रीजमध्ये ठेवला.