मिठाची थाळी

पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. अंगात आलेला माणूस आणि पोट फुगलेली म्हैस एकदम समोर आली, तर मी आधी म्हशीकडे बघणारा. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... पण घरात सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. नोकरीची शेवटची वर्षं सांगोल्याकडे गेली. तिथे एका वस्तीवर बिरा नावाचा मेंढपाळ होता. तो मेंढरांना दगडावर मीठ घालायचा, अर्धं मातीत जायचं. भवानी पेठेत एका भंगारवाल्याकडे मला जड, पसरट पितळी थाळी दिसली. कुठल्यातरी जुन्या यंत्राची तबकडी असावी, कडेनं पिवळट रंगात आकडे. बिराला भेट म्हणून नेली... केवढा मी हुशार!

दर महिन्याला मी मीठ आणि खनिज मिश्रण घेऊन जायचो. बिराच्या घरची रीत अशी, की मीठ ज्यानं आणलं त्यानंच थाळीतलं चिमूटभर आधी चाखायचं, मग मेंढरं सोडायची. मी हसत हसत बोट लावून चाखायचो.

सहा-सात वर्षांनी एक गंमत दिसायला लागली. भर उन्हात मेंढरं लिंबाखाली एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून दाटीनं उभी राहतात. बिराच्या कळपानं मात्र चार मेंढ्यांना वाळीत टाकलं होतं. त्या जवळ आल्या की बाकीची सावली सोडून जायची. मी चौघींना तपासलं. अगदी धडधाकट होत्या.

"ह्यास्नी कायतरी कळतंय, साहेब," बिरा म्हणाला. मी त्याची भरपूर चेष्टा केली.

वर्षाभरात त्याच चौघींचे खालचे जबडे सुजले, दात हलायला लागले. एकीचा पाय तर नुसतं चालताना मोडला. कॅल्शियम कमी पडतंय असं ठरवून मी मिश्रण वाढवलं — त्याच थाळीत. चौघी गेल्या. मग इतरांचीही दुखणी सुरू झाली.

शेवटी ते जबडे बघून पशुवैद्यकीय कॉलेजातल्या माझ्या मित्राला शंका आली, आणि तो किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन आला. मेलेल्या मेंढीच्या जबड्यापाशी ते टकटकलं, थाळीपाशी तर थांबेचना. आकड्यांच्या रंगात रेडियम होतं. रंग मिठानं सुटत होता आणि चाटण्याबरोबर पोटात जात होता. मित्रानं समजावलं, शरीराला ते कॅल्शियमच वाटतं. शरीर ते हाडात साठवून ठेवतं आणि मग ते वर्षानुवर्षं आतून पोखरत राहतं. त्याला ना वास, ना चव.

मी आठ वर्षं ती चव घेतली होती.

थाळी सरकारी माणसं शिशाच्या पेटीत घालून घेऊन गेली. उरलेली मेंढरंही एकेक करून दगावली. माझं रक्त, हाडांचे फोटो, सगळं झालं. रिपोर्ट नॉर्मल आले, आणि मी त्या दिवशी पेढे वाटले.

गेल्या महिन्यात बिराकडे गेलो. त्यानं कर्नाटकातून नवीन कळप आणलाय. त्यातल्या एकाही मेंढरानं ती थाळी कधी पाहिलेली नाही. दुपार होती, मेंढरं लिंबाखाली, त्यांच्या मधोमध मांडीवर कोकरू घेऊन बिरा. थोड्या वेळापूर्वी टँकरवाला त्यांच्यातच पाय पसरून जेवून गेला होता म्हणे. मीही बिराशेजारी जाऊन बसलो.

आधी एक मेंढी उठली. मग दुसरी. धावपळ नाही, ओरडणं नाही... पाच मिनिटांत अख्खा कळप बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. धापा टाकत, माझ्याकडे तोंड करून. बिराच्या मांडीवरचं कोकरूही धडपडून निघालं.

बिरा मांडीवरची लोकर झटकत उठला.

"साहेब, तुमी जरा गाडीपाशी बसता का? मेंढरं उनात हायती."

मी उठलो. गाडीपाशी पोचून वळून पाहिलं, तर सगळी सावलीत परतली होती.

मला भीती वाटते, हे सरळच सांगतो. मित्राला विचारलं, जनावरांना हे कळतं का? तो म्हणाला, कळायचं काही कारणच नाही. मी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या, परवाच रिपोर्ट आले. सगळे नॉर्मल.

पण त्या चौघीही तेव्हा धडधाकटच होत्या.