नलूची विहीर

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, नलूला तर नाहीच. आता नलू नाही, तेव्हा — तेव्हा काय? सांगणं सोपं झालं, एवढंच.

शिकागोजवळच्या आमच्या गावात पोहायचा एक तलाव होता, छताखालचा, गरम पाण्याचा. तो चालवायला एक वेगळी छोटी सरकारी संस्था होती. सगळे तिला नुसतं डिस्ट्रिक्ट म्हणत. तिचा कर वेगळा, लोकांनी निवडलेलं पाच जणांचं बोर्ड वेगळं. निवृत्त झाल्यावर मी त्या बोर्डावर गेलो. समोर उमेदवारच नव्हता, म्हणून निवडून आलो.

नलूला, माझ्या बायकोला, संधिवात होता. साठी उलटल्यावर ती त्या पाण्यात उतरायला शिकली. सोबत शैलाताई आणि आणखी दोघी. चौघी मराठी, म्हणून तलावाचं नाव विहीर. "विहिरीवर जाऊन येते हो," म्हणायची आणि येताना साऱ्या गावाच्या बातम्या भरून आणायची. पाण्यातून आली की दोन दिवस तिचे हात डोक्यापर्यंत जात. वेणी स्वतःची स्वतः घालायची.

मग डिस्ट्रिक्ट विसर्जित करायचा ठराव आला. ती संस्था गेली की तलाव बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बोर्डाचे अध्यक्ष आमचे शेजारी — बर्फ पडला की आमच्या दारापुढचाही उपसून देणारे. मीटिंगआधी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यू आर अ रीझनेबल मॅन."

त्या दिवशी एक सदस्य आजारी होते. आम्ही चौघंच. दोन मतं बाजूने पडली, एक विरोधात. माझं नाव पुकारलं. मी नो म्हटलं असतं तर बरोबरी होऊन ठराव पडला असता. एवढं गणित मला येत होतं, जन्मभर इंजिनिअर होतो. मी म्हणालो, "पास." म्हणजे माझं मत नाही. कुणी रागावलं नाही. अध्यक्षांनी हलकेच मान डोलावली.

का केलं मी तसं? बायकोच्या सोयीसाठी मत दिलं असं म्हणतील — ही सबब मी तयार ठेवली होती. खरं इतकंच की त्या खोलीत कुणाला नकोसं होणं मला जमलं नाही. या देशात चाळीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

घरी आलो तर नलू दारातच. "काय झालं?"

"पास झाला," मी म्हणालो. शब्द तोच. किती सोयीचा, नाही?

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही एकटे कुठवर भांडणार? जेवायला बसा."

मी जेवायला बसलो.

तिने शैलाताईंना फोनवर सांगितलं, आमचे हे शेवटपर्यंत लढले. आठवड्याने कार्ड आलं. वर लिहिलेलं, 'विहिरीच्या राखणदारास', आणि खाली तिघींच्या सह्या. नलूने ते फ्रिजवर लावलं. मी लावू दिलं.

उन्हाळ्यात तलाव रिकामा केला. दिवाळीपर्यंत नलूचे हात खांद्याच्या वर जाईनात. तलाव असता तर गेले असते का? ठाऊक नाही — आणि ठाऊक नसणं माझ्याच सोयीचं आहे. तिची वेणी मी घालू लागलो. दोन वर्षं घातली. "ह्यांची वेणी वाकडी," शैलाताईंना सांगायची, "पण माणूस सरळ."

मार्चमध्ये तिचं हृदय थांबलं. भेटायला आलेल्या शैलाताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तिच्यासाठी फार लढलात." मी हात जोडले.

त्या दोन वर्षांत रोज सकाळी ती खिडकीपाशी पाठमोरी बसायची. तिचं तोंड बघावं लागत नव्हतं, घाई नव्हती, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी केसांचे तीन पेड करायचो आणि टोकाला रबर लावेपर्यंत गप्प असायचो.