हवालदारांचा नियम

केडगावात गहिनीनाथ हवालदारांना कुणी चहाला बोलावलं, की चहा निवेपर्यंत बर्फातल्या चौकीची गोष्ट ऐकावी लागे. गोष्ट खरी होती. फक्त त्या चौकीवर हवालदारांच्या हातात बंदूक नव्हती, झारा होता, एवढंच ते गाळत. बावीस वर्षं त्यांनी पलटणीच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात काढली होती. अजूनही दोन माणसांपुरती भाजी त्यांना जमत नसे. उरलेली भाजी त्यांची बायको भागूबाई गल्लीभर वाटत फिरायची.

हवालदार धरून नगरच्या पाच माजी सैनिकांनी मिळून एक मदतनिधी काढला होता. प्रत्येकानं दर महिन्याला एका दिवसाची पेन्शन घालायची आणि गेलेल्या जवानाच्या घराला हातभार लावायचा. पहिल्याच बैठकीत हवालदारांनी नियम मांडला, की सीमेवर पडलेल्या जवानाच्याच घराला मदत द्यायची. ज्यानं कधी गोळी अंगावर घेतली नाही, त्यालाच असले नियम कडक लागतात. शरम माणसाकडून काय काय करवून घेते!

मग देवळाली प्रवराहून जयाचा अर्ज आला. तिचा नवरा अंगद सैन्यात ड्रायव्हर होता. रजेवर आला आणि तिसऱ्याच दिवशी विहिरीवरची मोटर चालू करताना शॉक लागून गेला. गावाच्या वेशीवर शहीद म्हणून त्याचा फलक लागला नाही. पेन्शनचे कागद अजून फिरत होते. जयाला नगरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची शेवटची तारीख सोमवार होती.

नकार फोनवर द्यायचा नाही, घरी जाऊन सांगायचा, ही निधीची रीत. शनिवारी हवालदार एसटीनं गेले आणि ओट्यावर बसून त्यांनी नियम सांगितला. जया रागावली असती तर बरं झालं असतं.

"सीमेवर न्हाई गेले, खरं हाय," ती म्हणाली. "पर त्यांच्याच गाडीतनं पोरं सीमेवर जायची. तुमी कुटं लडला, काका?"

चौकीची गोष्ट हवालदारांच्या ओठांवर आली आणि तिथंच अडली. भिंतीवरच्या फोटोत अंगद ट्रकच्या दाराला टेकून हसत होता.

"मी लंगरात हुतो, पोरी. पोळ्या लाटल्या."

"मग? जवानांला जेवायला नको व्हय?" असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. हवालदारांना इतकं ओशाळं कधीच वाटलं नव्हतं.

रविवारी बैठक त्यांच्याच घरी होती. पुऱ्यांची परात मध्ये ठेवून ते उभेच राहिले.

"माझा नियम मला खोडायचाय. मी रजेत मेलो असतो, तर ह्याच नियमानं आपण भागूबाईला रिकाम्या हातानं लावून दिलं असतं. मी कदी लडलो न्हाई. मी स्वयंपाकी हुतो."

पायात अजून छर्रा असलेल्या सुभेदार सहादेवांनी पुरी उचलली.

"ते आमाला तुझ्या पहिल्याच पुरीला कळलं हुतं," ते म्हणाले. "तू कदी सांगतूस याचीच वाट बघत हुतो. खोड तो नियम."

हवालदारांनी डोळे पुसले आणि लगेच फोन लावला.

"जया, उद्या सकाळी कॉलेजच्या फाटकाशी ये. फी घेऊन मी थांबतो."

"कोन बोलतंय?"

एरवी ते 'हवालदारसाहेब' म्हणून सांगत.

"लंगरातला गहिनीनाथ," ते म्हणाले.